आत म्हटलं की आत

"कुत्री माझी आहे. तू फक्त सांभाळलीस," भाऊ म्हणाला.

हे तो टर्फच्या फाटकात, चार लोकांसमोर म्हणाला. पट्टा तेव्हा माझ्या हातात होता, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कुत्री होती, आणि सकाळी तिने खाल्लेला भात मी शिजवलेला होता. माझ्या भावाला असल्या गोष्टी पुरावा म्हणून चालत नाहीत.

तिला पिल्लू असताना त्यानेच आणलं, एवढं खरं आहे. परळच्या एका इस्पितळाच्या भिंतीशी सापडलेलं, कानाला जखम झालेलं, काळं-तांबूस पिल्लू. त्याच्या बायकोने ते दारातूनच परत पाठवलं. मग तो दोन मजले उतरून माझ्याकडे आला, खोका माझ्या ओट्याखाली सरकवला आणि "दोन दिवस बघ गो ताय" म्हणून चहा पिऊन गेला. ते दोन दिवस कधी संपलेच नाहीत. लसी, जंताचं औषध, गोचिड्या, दिवाळीचे फटाके, सोसायटीच्या सेक्रेटरीची कुरकुर, सगळं माझ्या वाट्याला. तो रविवारी यायचा, चेंडू फेकायचा, फोटो काढायचा आणि वर जायचा.

कुत्री उड्या फार मारायची. गॅलरीच्या कठड्यावर, गॅसच्या ओट्यावर, खालच्या पार्किंगमधल्या स्कूटरवर. तिची रग जिरवायला काहीतरी हवं म्हणून मी तिला लोअर परळच्या टर्फवर न्यायला लागले. बंद पडलेल्या एका गिरणीचं ते आवार. चिमणी तेवढी ठेवली होती आणि तिच्या पायाशी रंगीत दिवे लावले होते. एरवी तिथल्या नकली गवतावर ऑफिसातले लोक बॉक्स क्रिकेट खेळायचे आणि रविवारी सकाळी कुत्र्यांचा अ‍ॅजिलिटीचा क्लास असायचा. अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. आडव्या दांड्यांवरून उड्या, उभ्या काठ्यांच्या रांगेतून नागमोडी धावणं, लांब कापडी बोगदा, दोन रुंद फळ्या एकमेकींना टेकवून केलेली चढण. आता कुठला अडथळा, हे बरोबरचा माणूस सांगतो आणि कुत्रं पळतं. तिथल्या बहुतेक कुत्र्यांचे केस माझ्यापेक्षा नीट विंचरलेले असायचे.

शिकवणारा दादरचा. माझ्याहून बराच लहान, भाषा पुस्तकी, गळ्यात शिट्टी. सगळे त्याला सर म्हणायचे म्हणून मीही म्हणायची. तो मला मॅडम म्हणायचा, आणि त्या मॅडममध्ये 'तुम्ही इथे कशाला आलात' हे अख्खं वाक्य असायचं.

पहिल्याच आठवड्यात त्याने नाकाला रुमाल लावला. "मॅडम, हा कसला वास येतोय?"

"बोंबील. सुके. बिनमिठाचे. वरळी कोळीवाड्यातून आणलेत."

"इथे लोक चीज आणतात."

"आणू देत. कुत्री माझी बोंबलावर पळते."

"अहो, पण बाकीची कुत्रीसुद्धा तुमच्याच मागे येतायत ना."

ते मात्र खरं होतं. मी त्याला कारण नव्हते. तुमचं कुत्रं चीज सोडून माझ्या पिशवीत तोंड घालत असेल, तर बोला तुमच्या कुत्र्याशी.

अडचण बोंबलाची नव्हतीच. अडचण माझ्या गुडघ्याची होती. डॉक्टरांनी पळायला सक्त मनाई केलेली. बाकीचे लोक कुत्र्याबरोबर पळायचे आणि कुत्रं त्यांच्याकडे बघून पळायचं. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं भांडण तिच्यावर आहे. कुत्र्याला शब्द सगळ्यात शेवटी कळतो. आधी त्याला तुमचे पाय दिसतात, मग खांदे, मग हात. तोंडातून काय बाहेर पडलं ते उरलंसुरलं म्हणून घेतं. तुम्ही डावीकडे वळून 'उजवीकडे जा' म्हणालात तर ते डावीकडे जाणार, आणि तुम्हाला वाटणार कुत्रं ऐकत नाही. ते ऐकतं. तुमच्या अंगाचं ऐकतं.

माझं अंग खोटं बोलायचं. दुखऱ्या गुडघ्यावर भार पडू नये म्हणून मी चालताना एका बाजूला झुकते. बोगदा आणि चढण शेजारी शेजारी मांडलेली असायची. मी 'आत' म्हणायची, म्हणजे बोगद्यात. झुकायची मात्र चढणीकडे. कुत्री चढणीवर. वरून जीभ बाहेर काढून माझ्याकडे बघायची, बोंबील दे म्हणून. तिचं काय चुकलं?

अशा एका रविवारी भाऊ बघायला आला. तरुणपणी तो लालबागच्या एका मंडळाकडून कबड्डी खेळायचा. पोट अजून आत आहे आणि ते सगळ्यांना दिसावं असा शर्ट घालतो. सरांनी त्याला सहज म्हटलं, "तुम्ही पळवून बघता का एकदा?" त्याने पळवलं. कुत्री त्याच्या खांद्याला खांदा लावून गेली. उड्या, काठ्या, बोगदा, चढण, कुठे अडली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या आईने माझ्यासाठी कधी वाजवल्या नसतील इतक्या.

सर माझ्याकडे आले. "मॅडम, कुत्री गुणी आहे. हिवाळ्यात स्पर्धा आहेत, तिला उतरवायला हवं. पण दोन माणसांचं कुत्रं धावत नाही. जो पळवणार, त्याच्याच घरी तिने राहायचं. खाणं, झोपणं, फिरणं, सगळं त्याच्याकडे. तुमचे बंधू तयार आहेत."

बंधू तयार होतेच. बंधूंच्या बायकोलासुद्धा, फोटोंना लोकांची पसंती मिळायला लागल्यापासून, घरात केस चालणार होते. फाटकातलं ते वाक्य त्याच दिवसाचं.

"मी उभी राहून पळवेन. नुसत्या शब्दावर," मी सरांना म्हणाले.

"मॅडम, ते चांगल्या चांगल्यांना जमत नाही."

"मला जमतं का ते बघा. नाही जमलं तर घेऊन जाऊ दे त्याला."

हे बोलून गेल्यावर मागे घेण्यासारखं उरलं नव्हतं. सरांनी अट घातली. गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी परीक्षा. मी रेषेवर उभं राहायचं, पाऊल हलवायचं नाही. भाऊ चुकीच्या अडथळ्याकडे पळणार, हात करणार. तरी कुत्रीने मी सांगेन तिथे जायचं. गेली तर ती माझ्याकडे राहील. नाही गेली तर तिची गादी आणि भांडी वरच्या घरी जातील.

"वाटी पण दे हां, ती स्टीलची," भाऊ म्हणाला. "माझी आहे ती पण."

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. इस्पितळाच्या भांडारात नोकरी करते मी. कुठलं काम कुठल्या क्रमाने करायचं हे मला कुणी शिकवायला नको. जेवणाच्या टेबलावर चादर टाकून तिचा बोगदा केला, हे 'आत'. शेजारी आईचा लाकडी पाट दोन विटांवर ठेवला, हे 'वर'. मी खुर्चीत बसायची, हात मांडीखाली. आधी शब्द. मग श्वासभर थांबायचं. तरीही कळलं नाही तर मानेने दाखवायचं. काही दिवसांनी मानही बंद. बरोबर गेली तर बोंबील टेबलाच्या पलीकडे, जिथून ती बाहेर निघेल तिथे. चुकली तर काही नाही. ओरडायचं नाही, च्यक् करायचं नाही, परत बोलवायचं आणि पुन्हा शब्द.

घरात तिने चटकन पकडलं. मग मी 'आत' म्हणताना मुद्दाम पाटाकडे वाकायला लागले. सुरुवातीला ती गोंधळली, माझ्याकडे आणि पाटाकडे बघत उभी राहिली. कुत्र्याच्या कपाळाला आठी पडते हे मी तेव्हा पाहिलं. मग एकदा तिने ठरवलं की या बाईच्या अंगावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, आणि थेट चादरीत घुसली. मी तिला मूठभर बोंबील दिले. शेवटी शेवटी मी आत म्हटलं की आत आणि वर म्हटलं की वर, मग मी डोक्यावर सूप घेऊन नाचले असते तरी.

आणि टर्फवर शून्य.

रविवारी मी रेषेवर उभी राहिले. भाऊ चढणीच्या दिशेने पळायला तयार होऊन वाकला. सर म्हणाले, "बोगदा." मी आज्ञा दिली. कुत्रीने माझ्याकडे पाहिलं, कान उभे केले, थोडी थांबली आणि भावाच्या मागे सुसाट चढणीवर गेली.

"मॅडम, आज्ञा द्या ना."

"दिली."

"दिली नाहीत."

"अहो, दिली! आत म्हटलं मी."

"मला ऐकू आलं नाही. इथे कुणालाच आलं नाही."

पुन्हा तेच. पुढच्या रविवारीही तेच. मला वाटलं, या दोघांनी मिळून ठरवलंय. भाऊ आणि हा दादरचा विद्वान, दोघांना कुत्री पाहिजे, तर मी बोललेच नाही असं म्हणायचं. मी सरांना म्हणाले, "कान तपासून घ्या तुमचे." सर म्हणाले, "मॅडम, आपण आवाज चढवू नका." मी म्हणाले, "आत्ता बरा ऐकू येतोय!"

तेव्हा भाऊ हसायला लागला. गुडघ्यांवर हात टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"सर, दिली तिने. खरंच दिली," तो म्हणाला. "पण आवाज नाय दिला. नुसते ओठ." मग माझ्याकडे वळला. "ए ताय, कुत्री आहे ती. बाबा नाय. तिला ओठ वाचता येत नाय."

बाकी कुणाला काही कळलं नाही. मला कळलं.

आमचे वडील साचेखात्यात होते, म्हणजे गिरणीतल्या विणकामाच्या विभागात. शेकडो साचे, विणायचे माग, एकदम धडधडायचे. तिथे आवाजाने बोलून काही उपयोग नसतो, म्हणून साचेवाले ओठांनी बोलायचे. तोंड मोठं उघडायचं, शब्द सावकाश घडवायचा, आवाज सोडून द्यायचा. समोरचा दोन साच्यांपलीकडून वाचायचा. वडिलांचे कान त्या खात्यात हळूहळू गेले, आणि ती बोली घरी आली. लालबागच्या त्या एका खोलीत आम्ही मोठ्याने बोललो तर वडील सोडून सगळ्या चाळीला ऐकू जायचं. म्हणून आम्हीही आवाज सोडून दिला. मी आणि भाऊ बोलायला लागलो ते दोन्ही तऱ्हांनी. शाळेत आवाजाने, घरी ओठांनी.

मग गिरण्यांचा संप झाला आणि वडील घरी बसले. आई गाववाल्यांची खाणावळ चालवायची. गाववाले एकेक करून कोकणात परतले आणि चूल आमच्यापुरती उरली. खोलीत चार माणसं, दिवसभर. वडिलांना नुसतं बसायची सवय नव्हती. ते स्टो साफ करायचे, मग पुन्हा साफ करायचे, आणि आईने पिन कुठे ठेवली म्हणून जमिनीवर हात आपटायचे.

काही महिन्यांनी कुजबुज सुरू झाली की कोण कोण मागच्या दाराने कामावर जायला लागलेत. त्यांच्या दारात बांगड्या टांगल्या जायच्या, दगडही पडायचे. असल्या गोष्टी चाळीत मोठ्याने बोलायच्या नसतात. आईला वाटायचं, वडिलांनीही जावं. हे सांगायला तिच्याकडे साचेखात्याची बोली होती.

ती स्टोपाशी बसून तोंड मोठं करायची. "मागल्या दारान जावा. कोण बघता?"

वडील भिंतीला टेकून. "मी जावचंय नाय."

"पोरांका काय माती घालू?"

"गप रव."

यातलं एक अक्षर कुणाला ऐकू जायचं नाही. आईच्या मानेच्या शिरा फुगायच्या, वडिलांच्या तोंडाला फेस यायचा, आणि खोलीत फक्त स्टोचा भर्रर्र आवाज. आम्ही दोघं मधे बसून जेवायचो आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघायचो. एकदा आईने हातातलं उलथनं उगारलं, आणि तेही खाली ठेवताना आवाज होणार नाही असं ठेवलं. शेजारीण आईला म्हणायची, "तुमच्यात कसा गो, कधी भांडान नाय, तंटो नाय. नायतर आमच्याकडे बघ." आई मान डोलवायची.

मी आणि भाऊही तसंच भांडायचो. पाहुणे बसलेले असताना, त्यांच्या पाठीमागून, तोंडभर हसत त्याने मला ज्या शिव्या दिल्यात त्या मी इथे लिहिणार नाही. मीही दिल्या. पेन्सिल कुणाची, खिडकीची जागा कुणाची, आईने लाडू कुणाला जास्त दिला, सगळं आवाजाविना. त्या खोलीत जे जे महत्त्वाचं होतं ते असंच बोललं गेलं. मोठ्याने फक्त पाढे म्हटले जायचे.

वडील शेवटपर्यंत कामावर गेले नाहीत. संप मोडला असंही कुणी येऊन सांगितलं नाही. तो नुसता राहून गेला, आणि वडीलही. आई त्यांच्याशी पुढे बोलली ते कामापुरतं. ते गेल्यावर मला वाटलं होतं की ही बोलीही गेली.

गेली नव्हती. भांडारात मी औषधांच्या कंत्राटदाराला मजल्यापलीकडून हाक मारते, कारण त्याच्या येण्या-न येण्याने माझं काही जात नाही. रेषेवर उभी राहून कुत्री गमावण्याची पाळी आली, तेव्हा माझं तोंड उघडलं आणि आवाज आपोआप मागे राहिला. आणि मला तो ऐकू आला होता. शपथेवर सांगितलं असतं मी की आला होता.

टर्फच्या बाहेर मी भावाला गाठलं. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या रविवारपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मी कशाला सांगू? कुत्री मला पाहिजे."

"मग आज का सांगितलंस?"

"राहवलं नाय. कसली दिसत होतीस तू, माशासारखी." आणि त्याने तोंड उघडून-मिटून दाखवलं.

त्याच्या या न राहवण्याने माझा फायदा झाला, याचा त्याला नंतर किती त्रास झाला असेल ते तोच जाणे. रोग कळला की काम सोपं होतं. घरी माझा आवाज नीट निघत होता, कारण घरी मी एकटी होते, मला राग येत नव्हता. म्हणजे राग घरी आणायला हवा होता. सरावाला भांडण लागणार होतं.

मी रोज संध्याकाळी भावाला फोन लावायला लागले. फोन स्पीकरवर, टेबलाशेजारी. विषयांची ददात नव्हती.

"आईच्या पाटल्या कुठे आहेत रे?"

"परत सुरू झालीस? त्या आईने हिला दिल्या."

"दिल्या की घेतल्या?" आणि त्याच दमात, कुत्रीकडे, "आत!"

"काय आत? कोण आत?"

"तुला नाही. पाटल्यांचं बोल."

पहिल्या संध्याकाळी निम्म्या वेळा आवाज निघालाच नाही. मी गळ्यावर दोन बोटं ठेवून बघायची. शब्द म्हणताना गळा थरथरला तर आवाज निघाला, नाहीतर नुसते ओठ. गळा थरथरला नाही की कुत्री जागची हलायची नाही, माझ्या तोंडाकडे बघत बसायची. भाऊ पलीकडून ओरडत असायचा, वहिनी मागून त्याला सांगत असायची की ठेवा तो फोन. तो ठेवायचा नाही. भांडण अर्धं टाकून उठणं हे आमच्या घरात कुणालाच जमलेलं नाही.

गणपतीचे दिवस वाया गेले. लालबागमध्ये त्या दिवसांत कुत्र्याला काही शिकवणं म्हणजे लग्नाच्या मांडवात झोपायला जाणं. ढोल सुरू झाले की ती ओट्याखाली तिच्या जुन्या जागी जाऊन बसायची. मी तिच्या शेजारी फरशीवर बसून फोन लावायची. ती बाहेर यायची नाही, पण मी तोंड उघडायची आणि गळ्यावर बोटं ठेवायची.

परीक्षेच्या रविवारी भाऊ नवे बूट घालून आला. वहिनीही आली होती, हातात कुत्रीसाठी नवा पट्टा. गुलाबी. कुत्रीने तो हुंगला आणि शिंकली.

सरांनी नियम पुन्हा सांगितले. तीन आज्ञा. मी रेषेवर, हात पाठीमागे. भाऊ पळणार, हात करणार. तोंडाने काही बोलायचं नाही. तिन्ही बरोबर आल्या पाहिजेत.

पहिली आज्ञा बोगद्याची. भाऊ चढणीकडे सुटला, खांदा पुढे, हात लांब. माझं तोंड उघडलं आणि मला जाणवलं की आवाज मागे राहतोय. मी पाठीमागचा हात पुढे आणून गळ्याला लावला. सरांनी ते चालवून घेतलं. "आत," मी म्हणाले. फार मोठा नव्हता आवाज, पण होता. कुत्री भावाच्या मागे दोन उड्या गेली होती, ती तिथून वळली आणि बोगद्यात शिरली.

दुसरी चढणीची. भाऊ बोगद्याकडे पळाला. "वर!" मी म्हणाले. कुत्री चढणीकडे निघाली, पुढचे पाय फळीवर टेकले, आणि भावाने शीळ घातली. तीच बारीक शीळ, रविवारी चेंडू फेकताना घालायचा ती. कुत्रीने पाय काढले आणि त्याच्याकडे धावत सुटली.

सर म्हणाले, "चुकली. सॉरी, मॅडम."

भाऊ हात झटकत परत येत होता. चेहरा देवळातून आल्यासारखा.

"शीळ घातली त्याने," मी म्हणाले.

"मला ऐकू आली नाही," सर म्हणाले.

या माणसाला ऐकू काय येतं हे एकदा कुणीतरी लिहून काढायला हवं. मी रेषेवरून हलले नाही. मी भावाकडे वळले, आणि जे बोलले ते आवाजासकट बाहेर पडलं.

"शीळ घातलीस तू! सगळ्यांसमोर सांग घातली नाही म्हणून. सांग! पिल्लू होती तेव्हा खोक्यात टाकून गेलास. कान सडला होता तिचा, तेव्हा कुठे होतास? तोंडाने काही करायचं नाही ठरलं होतं, आणि तू शीळ घालतोस? लबाड आहेस. लहानपणापासून लबाड आहेस तू!"

टर्फच्या जाळीबाहेर क्रिकेटवाले त्यांची वेळ व्हायची वाट बघत उभे होते. ते जाळीला येऊन चिकटले. शेजारच्या टॉवरच्या कुठल्यातरी गॅलरीत एक बाई बाहेर आली. माझा आवाज चांगला नाही. फाटका आहे, वर गेला की घोगरा होतो. इतक्या वर्षांत मी भावाशी त्या आवाजात कधी बोलले नव्हते. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आमच्या घरातल्या माणसांना हे एक सहन होत नाही, की दुसऱ्यांना ऐकू गेलं.

जाळीबाहेरचा एक क्रिकेटवाला म्हणाला, "शिट्टी मारली भाई त्याने. आम्ही ऐकली ना."

सरांनी खांदे उडवले. "ठीक आहे. दुसरी पुन्हा."

मी ओरडणं थांबवलंच नाही, नुसतं तोंड कुत्रीकडे वळवलं. "वर!" भाऊ बोगद्याकडे पळाला, या वेळी ओठ घट्ट मिटून. कुत्री चढणीवर गेली, माथ्यावरून पलीकडे उतरली. तिसरी आज्ञा. भाऊ सगळं अंग टाकून चढणीकडे सुटला, कबड्डीत चढाईला जायचा तसा. नवे बूट नकली गवतावर करकरले. कुत्रीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलंही.

"आत!"

ती आत गेली. कापड आतून फुगत फुगत पुढे सरकलं आणि पलीकडून तिचं तोंड बाहेर आलं, बोंबलाच्या आशेने उघडं.

सर म्हणाले, "हं. बरोबर आलं." एवढंच. मग म्हणाले, "मॅडम, स्पर्धेत एवढ्या मोठ्याने चालणार नाही."

"चालेल," मी म्हणाले. "नियमात बसत असेल ते सगळं चालेल. वाचून घ्या तुम्ही."

वहिनीने गुलाबी पट्टा पर्समध्ये परत ठेवला. भाऊ टर्फच्या पलीकडच्या टोकाला कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा होता. मी कुत्रीला तिचा जुना पट्टा लावत होते तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, तोंड मोठं उघडलं आणि शब्द सावकाश घडवले, आवाज सोडून. मधे अख्खं मैदान होतं, तरी मी ते सहज वाचले. कुत्री माझीच आहे, असं तो म्हणाला होता. आणखी एक शब्द होता, तो लहानपणापासूनचा.

"मोठ्याने बोल," मी इकडून ओरडले. "मला ऐकू येत नाही."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. क्रिकेटवालेसुद्धा. त्याने तोंड मिटलं आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी सुटलेली नव्हती.

मी पिशवीत हात घातला आणि उरलेले सगळे बोंबील कुत्रीला घातले.